हळदीचा रंग कुणी ठरवावा?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्राची वकिली करावी, हे आमच्या काही गुरुजनांना रुचणार नाही. रंग हा डोळ्यांचा विषय, तो आलेखावर कसला मोजता, असे ते म्हणतील. गेल्या वर्षापर्यंत माझेही मत तेच होते. ताईच्या लग्नाच्या चित्रफितीने ते बदलले.

नायगावात आमच्या दारी मांडव पडला. महिन्याभराने शूटिंगचा पेन ड्राइव्ह आला आणि सारे घर टी.व्ही.समोर बसले. ताईचे तोंड पिठात बुडवल्यासारखे पांढरे. हात मात्र तिचेच, सावळे. गालावरच्या हळदीचा थर नाही, ओघळ नाही, नुसता फिकट डाग. आजी म्हणाली, "ही कुणाची लेक धरून आणली?" सगळे हसले. ताई उठून आत गेली.

शूटिंगवाल्या दादांना विचारले. ते म्हणाले, "नवरीला उजळ करावंच लागतं. लोकच मागतात." खोटे ते बोलले नाहीत.

मग मित्राच्या संगणकावर डाविंची रिझॉल्व्ह घेतले. ते फुकट मिळते आणि त्यात रंग तपासण्याचे आलेख असतात. वेव्हफॉर्म नावाच्या आलेखात चित्रातले डावे ते डावीकडेच दिसते आणि उंची म्हणजे उजेड: तळाशी ० म्हणजे काळोख, माथ्याशी १०० म्हणजे पांढरेफेक. ताईचे गाल माथ्याला चिकटून सपाट झाले होते. एकदा तिथे सपाट झालेली हळद मग कितीही अंधार केला तरी परत येत नाही.

दुसरा आलेख गोल, व्हेक्टरस्कोप. त्यात दिशा म्हणजे रंग आणि मध्यापासूनचे अंतर म्हणजे रंगाचा जोर. लाल आणि पिवळ्याच्या मध्ये एक तिरपी रेघ असते, कातडीची. आमच्या गॅदरिंगच्या चित्रीकरणातले चेहरे मी एकेक करून त्यात पाहिले. सरांचा गोरा, देगलूरच्या मित्राचा गव्हाळ, माझा काळा. सारे ठिपके त्याच रेघेच्या आसपास! कातडीतले रक्त आणि मेलॅनिन सर्वांचे एकच, कमी-जास्त इतकेच. फरक दिसतो तो मुख्यतः वेव्हफॉर्मच्या उंचीत. समाजशास्त्राच्या तासाला जे कधी पुरते पटले नव्हते, ते त्या गोलाने पटवले. (सरांनी क्षमा करावी.)

यंत्र निष्पाप असते, असे मात्र मी म्हणत नाही. कोडॅक कंपनीच्या रंगीत छपाईसाठी कित्येक वर्षे प्रमाण म्हणून एका गोऱ्या बाईचे छायाचित्र पाठवीत; त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. आजही चेहरा साठ-सत्तरवर ठेवा असे सांगणारे भेटतात. तो आकडा गोऱ्या चेहऱ्याचा. ताईला ओढून तिथे नेली की पीठच होणार. २०१३ सालच्या 'फँड्री'त जब्या उजळला असता तर चित्रपटात उरले काय असते?

पण डोळ्यांवर तरी किती विसंबावे? पिवळ्या दिव्याखाली दहा मिनिटे बसले की डोळा पिवळ्यालाच पांढरे समजू लागतो. शिवाय त्याला गोरेपणाची सवय आपणच लावली आहे. आलेखाला तेवढी तरी सवय नसते. चेहरा किती उंचीवर आहे, हे तो सांगतो. किती असावा, हे सांगत नाही.

दादांकडे मूळ चित्रीकरण शिल्लक होते. त्यांनी ते आनंदाने दिले. मी चेहरा त्याच्या उंचीवर राहू दिला, रंग रेघेवर आणला, आणि गालावर हळदीचे ओघळ दिसू लागले. ताईने दोनदा पाहिले, काही बोलली नाही, मोबाइलवर पाठव म्हणाली. सासरी तिने कोणती फीत दाखवली, ते मी विचारलेले नाही.