छोट्या देशाची वकिली

अमेरिका मिळाली की मुले उड्या मारतात, ब्रिटन-फ्रान्सही चालतात. एखादा चिमुकला देश वाट्याला आला की मात्र चेहरे पडतात. 'मॉडेल युनायटेड नेशन्स' नावाच्या अभिरूप परिषदांमध्ये हे नेहमीचेच. विद्यार्थ्यांनी एकेका देशाचे प्रतिनिधी व्हायचे, संयुक्त राष्ट्रांच्या रीतीने वाटाघाटी करून ठराव लिहायचा, असा हा खेळ. पुण्या-मुंबईच्या शाळांतही तो रुजला आहे. इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या माझ्या भाचीला ऑक्सफर्डच्या अशाच एका परिषदेसाठी माल्टा मिळाला. विषय सागरतळावरील खाणकाम. फोनवर अगदी रडकुंडीला आली होती. "मावशी, माल्टाचं कोण ऐकणार गं?"

मला तर तिचा हेवाच वाटला. माल्टा १९६४ मध्ये स्वतंत्र झाला; वस्ती तेव्हा जेमतेम तीन-सव्वातीन लाख. १ नोव्हेंबर १९६७ रोजी त्याचे प्रतिनिधी आर्विद पार्दो संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या एका समितीत बोलायला उभे राहिले. सकाळी सुरू झालेले भाषण दुपारच्या बैठकीतही चालूच होते! खोल समुद्राच्या तळावरची संपत्ती कोणा एका राष्ट्राची नव्हे, तो साऱ्या मानवजातीचा सामायिक वारसा आहे, हे त्यांचे म्हणणे. त्या धाग्यातून १९८२ चा समुद्री कायद्याचा करार विणला गेला. तो १९९४ मध्ये अमलात आला आणि सागरतळाचा कारभार पाहणारे प्राधिकरण जमैकात किंग्स्टनला स्थापन झाले. खुद्द पार्दो मात्र समाधानी नव्हते. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतची संपत्ती किनारी देशांना मिळाली, म्हणजे वारशाचा मोठा हिस्सा आधीच वाटून झाला.

अमेरिकेचा प्रतिनिधी आवाज चढवूनही भागवू शकतो. माल्टाच्या प्रतिनिधीला अभ्यास करूनच यावे लागते.

आणि आपल्याकडे तयारी कशाची करून घेतात? उभे कसे राहावे, टाळी कुठे घ्यावी, 'बेस्ट डेलिगेट'चे बक्षीस कसे मिळवावे! ब्लेझरचा खर्च वेगळाच. ऑक्सफर्ड हे वादविवादाचे माहेरघर खरे. राजा आणि देशासाठी लढणार नाही, हा प्रस्ताव तिथल्या ऑक्सफर्ड युनियनमध्ये १९३३ साली २७५ विरुद्ध १५३ मतांनी मंजूर झाला आणि इंग्लंडभर खळबळ उडाली. पण वादविवादात समोरच्याला हरवायचे असते. वाटाघाटीत त्याचीच सही हवी असते. संयुक्त राष्ट्रांचा ठराव व्याकरणाने पाहिले तर एकच लांबलचक वाक्य असते. त्यात 'आवाहन करते' लिहायचे की 'मागणी करते', यावर रात्री जागतात. भाषणाच्या क्लासात हे कोण शिकवणार?

आमच्या घरी खरी ठिणगी पडली ती वेगळ्याच कारणाने. हिंदी महासागराच्या मध्यभागी ७५ हजार चौरस किलोमीटर तळावर खनिजांच्या गाठी शोधण्याचा करार भारताने २००२ मध्ये केला आहे. माल्टाने मात्र २०२४ मध्ये खाणकामाबाबत सबुरीची बाजू घेतली. भाचीचे वडील म्हणाले, "म्हणजे तू आपल्या देशाच्या हिताविरुद्ध बोलणार?" भावजींचा प्रश्न साधा नाही. मुलीला कोबाल्ट, निकेल का हवे, बॅटऱ्या कशाच्या बनतात, हे ठाऊक आहे. तरीही मला वाटते, तिने माल्टाची बाजू पुरत्या प्रामाणिकपणे मांडावी. समोरच्याचे म्हणणे त्याला पटेल अशा शब्दांत सांगता आले नाही, तर आपले म्हणणे आपल्याला कळले आहे असे कशावरून म्हणावे?

आता नवीच अडचण आली आहे. परिषदेत भारत मिळाला आहे एका जर्मन मुलाला. त्याने तिलाच पत्र पाठवून भारताच्या बाजूची माहिती मागितली आहे. द्यावी का? भावजी म्हणतात, मुळीच नको, स्पर्धा आहे. मी म्हणते, बिनधास्त दे, नीट दे. कच्च्या तयारीचा भारत समोर बसलेला तिला तरी कसा रुचेल? शिवाय ठरावावर त्याची सही लागणारच आहे.