वाढीव पाटा आणि हमीपत्र

कापूस घरी येऊ लागला की आमच्या बेल्यात मालवाहू गाड्यांची वर्दळ सुरू होते. पैनगंगेच्या अलीकडील काळ्या रानातला कापूस आदिलाबादच्या बाजारात पोहोचवावयाचा, परतताना खत, सिमेंट, किराणा आणावयाचा आणि ह्या खेपांच्या भाड्यांतून बँकेचा हप्ता फेडावयाचा, हा येथील कित्येक तरुणांचा व्यवसाय होऊन बसला आहे. अशांपैकीच एक जण गेल्या हंगामात सायंकाळच्या वेळी माझ्याकडे आला. पिकअप घेऊन त्याला अकरा महिने झाले होते. इंजिनाच्या मागील अंगाने तेल झिरपू लागले होते आणि त्याच सुमारास पुढील दिव्यांचा स्विच वितळून निकामी झाला होता. हमीची मुदत उरलेली असल्यामुळे तो निश्चिंत मनाने विक्रेत्याच्या कार्यशाळेत गेला. तेथील माणसाने बॉनेट उघडून दिव्यांच्या तारा पाहिल्या, वाकून मागील कमानी पाहिल्या आणि दोनच शब्द उच्चारले : "वॉरंटी गेली."

"फादर, आता काय करू जी?" तो मला म्हणाला. "एक चिठ्ठी द्या, की ह्या गाडीत काहीच बदल केला नाही म्हणून. मी उद्या पाटा काढतो, बल्ब बदलतो अन् दुसऱ्या शहरातल्या शोरूमला नेतो."

चिठ्ठी मी दिली नाही, आणि त्याचे तोंड उतरले. पण हंगाम ऐन भरात, गाडी दारात उभी, हप्त्याची तारीख तर कोणासाठी थांबत नाही. अशा माणसाला केवळ 'नाही' म्हणून परत पाठविणेही मनाला बरे वाटेना. म्हटले, "बाबा, गाडीचे पुस्तक घेऊन ये. आधी त्यात काय लिहिले आहे ते वाचू."

पुस्तक आले ते प्लास्टिकच्या पिशवीत, एकदाही न उघडलेले. त्यात त्याचा सर्वस्वी दोष आहे असे मी म्हणणार नाही. त्याची शाळा मराठी, कार्यशाळेतील बोलणे तेलुगू आणि पुस्तक इंग्रजी. सीमेवरच्या गावांना हा तिहेरी फेरा नित्याचाच. सही मात्र सर्व कागदांवर त्याचीच होती.

आम्ही दोघे ते पुस्तक घेऊन बसलो. मुदत वर्षांची किंवा किलोमीटरांची, ह्यांपैकी जी आधी संपेल ती; ठरलेल्या वेळी ठरलेली सर्व्हिसिंग झाली पाहिजे; ब्रेकचे लायनर, क्लचप्लेट, वायपर, बल्ब ह्यांसारखे झिजणारे भाग हमीत नाहीत. एवढे बहुतेक सर्व कंपन्यांच्या पुस्तकांत असते. महत्त्वाचे वाक्य पुढे सापडले : गाडीत केलेल्या बदलामुळे उद्भवलेला बिघाड हमीत येणार नाही. 'बदलामुळे उद्भवलेला' ह्या दोन शब्दांवर मी बोट ठेवले. बदल केला म्हणून सगळी हमीच संपते, असे तेथे लिहिलेले नव्हते.

मग प्रश्न असा, की त्याच्या कोणत्या बदलाने कोणता बिघाड झाला? येथे त्याला काही कडू गोष्टी ऐकवाव्या लागल्या.

स्विच त्यानेच जाळला होता. गाडीचे मूळ बल्ब ६०/५५ वॅटचे. त्याने बाजारातून १००/९० वॅटचे आणून बसविले. गाडीची वीज १२ व्होल्टची. प्रखर झोत लावला की दोन्ही दिव्यांना मिळून पूर्वी सुमारे १० अ‍ॅम्पिअर प्रवाह लागे, तो आता जवळजवळ १७ झाला. तारा आणि स्विच मात्र पहिल्याच हिशेबाचे. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रवाह दीडपटीच्या थोडा वर गेला, तरी उष्णता पावणेतीनपट होते. निदान स्वतंत्र रिले व फ्यूज घालून बॅटरीपासून नवी जाड तार ओढली असती, तर स्विच तरी वाचला असता. दुकानदाराने जुनीच तार सोलून काम उरकले होते. समोरून येणाऱ्या सायकलवाल्याचे डोळे दिपतात ते निराळेच.

कमानीतील वाढीव पाट्याची गोष्ट ह्याहून गंभीर. गाडी भरल्यावर मागे बसू नये म्हणून एक जादा पाटा घालण्याची चाल आमच्या भागात फार आहे. पाट्यामुळे गाडी दबलेली दिसत नाही एवढेच. आस, ब्रेक, टायर आणि चासी ह्यांची शक्ती होती तेवढीच राहते. उद्या आस मोडली तर कंपनी त्या पाट्याकडे बोट दाखवील आणि ते न्यायाचेच होईल. विमा कंपनीला बदल कळविलेला नसेल, तर अपघातानंतर तिच्याशीही वाद संभवतो.

शिवाय समोर एक भक्कम लोखंडी गार्ड होते. अशी गार्डे नियमबाह्य असून त्यांवर कारवाई करावी, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळविले आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ ह्याचे ५२ वे कलम मूळ उत्पादकाच्या नोंदीशी विसंगत बदलांस मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम उचलून धरले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अवैध बदलास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. हे ऐकून तो बराच वेळ गप्प बसला.

परंतु तेल? इंजिनाच्या मागचे ऑइलसील गळण्याशी बल्बचा, गार्डचा काय संबंध? ह्या ठिकाणी मात्र कार्यशाळेचे म्हणणे मला अन्यायाचे वाटले. आमच्याकडे 'सीसीआय' म्हटले की लोकांना कापूस खरेदी करणारे महामंडळ आठवते, नाहीतर आदिलाबादचा बंद पडलेला सिमेंट कारखाना. तिसरी एक सीसीआय आहे, भारतीय स्पर्धा आयोग. शमशेर कटारिया ह्यांच्या तक्रारीवरून ह्या आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्यांनी त्याविरुद्ध वर दाद मागितली, हे खरे. पण त्या आदेशात असे म्हटले होते, की बाहेरच्या मेकॅनिककडे गाडी नेली एवढ्यावरून सरसकट हमी रद्द करू नये. त्याच्या सदोष कामाने जेवढी हानी झाली, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. आदेश बाहेरच्या दुरुस्तीविषयी होता, बाहेरून बसविलेल्या वस्तूंविषयी नव्हे. तरी त्यातील विवेक दोहोंस लागू पडावा असे मला वाटते. अमेरिकेत तर १९७५ सालच्या मॅग्नसन-मॉस कायद्यापासून, अमुकच छापाचा सुटा भाग वापरा तरच हमी, अशी अट सामान्यतः घालता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेलो. पाटा, बल्ब, गार्ड, सर्व जसेच्या तसे ठेवून. काउंटरवरील तरुणाला त्याने स्वतःच सांगितले, "हे तीन बदल मी केले जी. स्विचचे पैसे मी देतो. पण तेल कशानं गळते ते पाहा, अन् माझ्या बदलानं गळत असंल तर तसं जॉबकार्डावर लिहून द्या."

'लिहून द्या' म्हणताच वातावरण पालटले. तोंडाने हमी घालविणे सोपे, पण कारण लिहून त्याखाली सही करावयाची म्हटले की मनुष्य विचार करतो. तरुण आत गेला, व्यवस्थापक बाहेर आले, कंपनीच्या अभियंत्यास विचारू म्हणाले. आम्ही तक्रार नोंदलेल्या जॉबकार्डाची प्रत, तारखेसह, मागून घेतली. ही प्रत पुष्कळ लोक घेत नाहीत आणि मग पुढे हाती काहीच राहत नाही.

न जमल्यास काय, ह्याचीही चौकशी मी केली होती. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जुलै २०२० पासून अमलात आलेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदारास आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते. गाडी चंद्रपूरला घेतलेली असो वा नागपूरला, बेल्याच्या माणसाला आदिलाबाद पुरते. गाडीची किंमत ५ ते १० लाखांत असेल तर शुल्क २०० रुपये, आणि मुदत दोन वर्षांची. भाड्याची गाडी म्हणजे व्यापारी वापर, म्हणून तुम्ही ग्राहकच नव्हे, असे कोणी म्हणाले तर भिऊ नये. केवळ स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेऊन जो ती वापरतो, त्याला कायदा ग्राहकच मानतो. पाच गाड्या ठेवून पाच चालक नेमणाऱ्याची गोष्ट वेगळी.

आयोगापर्यंत जावे लागले नाही. दोन खेपा आणखी झाल्या, चार दिवसांचे भाडे बुडाले, आणि ऑइलसील विनामूल्य बदलून मिळाले. स्विचचे पैसे त्याने भरले. कमानी व मागील आस ह्यांची हमी मात्र, कारण नमूद करून, त्यांनी लेखी काढून घेतली. त्यावर त्याने सही केली. ह्या वेळी आधी वाचून.

बल्ब त्याने त्याच आठवड्यात बदलले, गार्डही उतरविले. पाटा अजून गाडीलाच होता. मी विचारले तेव्हा खाली पाहत म्हणाला, "कापूस संपू द्या जी, फादर."