धडधड मनाची की हृदयाची?

बाई म्हणाली, 'छातीत धडधडतंय', की घरात उत्तरं तयारच असतात. 'फार विचार करतेस.' 'चाळिशी उलटली, असं व्हायचंच.' 'रक्त कमी असेल, खजूर खा.' हेच वाक्य घरातल्या पुरुषाच्या तोंडून आलं तर मात्र लगेच रिक्षा बोलावली जाते. बचत गटाच्या बैठकीत हा विषय निघाला की जवळजवळ प्रत्येकीकडे अशी एखादी हकिगत असते. ही उत्तरं आता आपल्याला इतकी पाठ झाली आहेत, की दुसऱ्या कुणी द्यायच्या आधी आपणच स्वतःला ती देऊन मोकळ्या होतो.

सगळीच धडधड आजाराची नसते, हे खरं. चहा जास्त झाला, जिना भराभर चढला, पाळी जायच्या वयात अंगातून वाफा निघाल्या, तरी छाती धडधडते. ॲनिमियातही धडधडते. पण काही वेळा त्यामागे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार असतो. डॉक्टर त्याला एट्रियल फिब्रिलेशन, थोडक्यात 'एएफ' म्हणतात. यात हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. रक्त तिथे साचतं, त्याची गुठळी होते आणि ती सुटून मेंदूत गेली की अर्धांगवायू होतो. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात वर्षानुवर्षे चाललेल्या अभ्यासातून १९९१ साली दिसून आलं, की एएफ असलेल्यांना अर्धांगवायूचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो.

समान वयाच्या स्त्री-पुरुषांत पाहिलं, तर हा आजार पुरुषांत जास्त आढळतो. पण बायका जास्त वर्षं जगतात, त्यामुळे म्हातारपणी त्यांचीही संख्या मोठी होते. बायकांना धडधड, धाप, थकवा यांचा त्रास जास्त होतो, आणि अर्धांगवायूचा झटका आला तर तोही बहुधा जास्त जड असतो. तरीही हृदयात बारीक नळी घालून ठोक्यांचा बिघाड दुरुस्त करण्याचा उपचार बायकांच्या वाट्याला कमी येतो. त्रास जास्त आणि उपचार कमी, असा हा उलटा हिशेब.

युरोपातल्या हृदयतज्ज्ञांनी २०१० साली अर्धांगवायूचा धोका मोजताना 'स्त्री असणे' याला एक गुण धरला होता. २०२४ साली त्यांनी तो काढून टाकला. खरा धोका वाढवतात ते वय, बीपी, मधुमेह, आधी येऊन गेलेला झटका. म्हणजे बाईपण हा काही आजार नव्हे. बाईच्या तक्रारीकडे दुर्लक्ष होणं, हे मात्र नक्कीच घातक आहे.

आपल्या देशात याला आणखी एक पदर आहे. लहानपणी घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात आणि पुढे हृदयाची झडप खराब होते. हा संधिवाताचा ताप. त्यातून होणारं झडप अरुंद होण्याचं दुखणं बायकांत जास्त आढळतं. २०१४ साली ४६ देशांतल्या एएफ रुग्णांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. दवाखान्याच्या तातडीच्या विभागात आलेल्या या रुग्णांपैकी भारतात सुमारे ३१ टक्क्यांना हे झडपेचं दुखणं होतं, उत्तर अमेरिकेत फक्त २ टक्क्यांना. अशाच रुग्णांवरचा आणखी एक मोठा अभ्यास २०२२ साली आला. त्यातल्या ४५०० रुग्णांचं सरासरी वय ५० होतं आणि १०० पैकी ७२ बायका होत्या. म्हणजे हे केवळ आजीबाईंचं दुखणं नाही, घर चालवणाऱ्या बाईचंही आहे. थायरॉईड जास्त काम करू लागलं तरी ठोके बिघडतात, आणि थायरॉईडची दुखणीही बायकांतच जास्त.

याच २०२२ च्या अभ्यासात झडपेच्या रुग्णांसाठी रक्त पातळ करणाऱ्या जुन्या गोळ्या नव्या गोळीपेक्षा सरस ठरल्या. पण त्या घ्यायच्या तर ठरावीक दिवसांनी आयएनआर नावाची रक्ततपासणी हवी. आपल्याकडे घोडं इथेच अडतं. बाईच्या तपासणीचे पैसे महिनाअखेरीला मागे पडतात. एकादशी-चतुर्थीला उपास म्हणून गोळी चुकते. पाळीत अंगावरून जास्त जातं, म्हणून कुणाला न सांगता गोळी बंद होते. मैत्रिणींनो, गोळी आपल्या मनाने बंद करू नका. अंगावरून जास्त जात असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पालेभाजी सोडायची गरज नाही, फक्त एक दिवस भरपूर आणि आठवडाभर नाही असं करू नका. दुखण्यावरची गोळी किंवा काढा विचारल्याशिवाय घेऊ नका. मूल हवं असेल तर दिवस जाण्याआधीच डॉक्टरांना भेटा, कारण यातल्या काही गोळ्या पहिल्या तीन महिन्यांत बाळाला अपाय करतात.

आणि निदान व्हायला आधी तपासणी व्हायला हवी. मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं ठेवा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट नाडी बघा. ठोके एका लयीत आहेत की कसेही पडतात, एवढं कुणालाही कळतं. लय बिघडलेली वाटली तर ईसीजी काढून घ्या, शक्यतो धडधड होत असतानाच. ही धडधड येते आणि जाते, म्हणून एकदा ईसीजी चांगला आला तरी त्रास चालू असेल तर पुन्हा जा. तोंड वाकडं होणं, हात उचलता न येणं, बोलणं अडखळणं यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता मोठ्या दवाखान्यात न्या.

पुढच्या हळदीकुंकवाला वाण द्याल, तेव्हा एकमेकींची नाडीही बघा. सासूबाईंची, जावेची, कामाला येणाऱ्या मावशींची. आणि कुणी म्हणाली, 'धडधडतंय', तर 'विचार करू नकोस' असं म्हणण्याऐवजी 'चल, ईसीजी काढू' असं म्हणा.