मासळीची वंशावळ कोणाच्या कपाटात?



रेल्वेच्या यार्डात विनाकागद वाघीण कोणी पुढे ढकलत नाही. तिच्या अंगावर तिचा नंबर, मालक रेल्वेचे नाव, मागची पी.ओ.एच. कोणत्या कारखान्यात व केव्हा झाली आणि पुढची केव्हा, हे सारे रंगवलेले असते. पूर्वी नंबरटेकर पावसात भिजत हे वहीत टिपून घेत. आता भिलाई मार्शलिंग यार्डातली वाघीण कोठून आली हे दिल्लीत बसूनही संगणकावर कळते.

याच हावडा-मुंबई मार्गावरून कित्येक वर्षे आणखी एक माल गेला, पण त्याला कसलाच नंबर नव्हता. तो माल म्हणजे मत्स्यबीज. गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये आधी मातीच्या हंड्यांतून आणि नंतर ऑक्सिजन भरलेल्या पॉलिथिनच्या पिशव्यांतून ते बंगालहून येई. कटला, रोहू, मृगळ यांची पिल्ले तेव्हा नदीतून पकडलेली असत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रजनन घडवून आणले आणि पुढे देशभर हॅचऱ्या निघाल्या. बीज मुबलक झाले, ही मोठीच गोष्ट. पण नदीत हजारो माशांची संतती मिसळते, तर हॅचरीच्या हौदात आईबाप असतात मोजके. तेच मासे, मग त्यांचीच पिल्ले, असे पिढ्यान्‌पिढ्या चालले की रक्त आटते. एकाच हौदात कटला व रोहू सोडले तर संकर होतो आणि तो संकर पुन्हा रोहू म्हणूनच विकला जातो. कर्नाटकातील हॅचऱ्यांमधील या घसरणीवर एकनाथ आणि डॉईल या शास्त्रज्ञांनी 1990 सालीच लिहून ठेवले आहे.

हा विषय कामगारांच्या पत्रिकेत कशाला, असे कोणी विचारील. हथखोजच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे राबणाऱ्या कितीतरी मजुरांचे भाऊ गावी तलाव पट्ट्यावर घेऊन मासे वाढवतात. धमधा तर ‘छै आगर छै कोरी’, म्हणजे एकशे सव्वीस तलावांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. केवट आणि ढीमर समाजाच्या सहकारी समित्या हे काम करतात. अशाच एका समितीचे वृद्ध अध्यक्ष मागे मला म्हणाले, “सेक्रेटरीसाहेब, दाणा तोच, पाणी तेच, पण मासळी किलोच्या वर जाईना.” बीज विकणाऱ्याने दिलेली पावती त्यांनी दाखवली. तिच्यावर पिशव्यांची संख्या होती आणि रक्कम होती, बाकी काही नाही. आमच्याकडे कोळशाची वाघीण असल्या कागदावर एक इंचही हलली नसती.

बीजाचा दोष की आणखी कशाचा, हे तपासता येते. माशाच्या पराचा नखाएवढा तुकडा कापून अल्कोहोलमध्ये ठेवला की प्रयोगशाळेत त्याचा डीएनए वाचता येतो. मासा कोणत्या जातीचा, संकर आहे का, कोणत्या नदीच्या वंशाचा, हे त्यावरून सांगता येते. लखनौला राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो आहे, त्याची स्थापना 1983 ची. भुवनेश्वरजवळ कौशल्यागंगा येथील संस्थेने गंगा, यमुना, सतलज, ब्रह्मपुत्रा अशा निरनिराळ्या नद्यांतले रोहू एकत्र आणले आणि वंशावळ ठेवून ‘जयंती रोहू’ निपजवला. नोंद ठेवली म्हणून तो वाण उभा राहिला.

नोंद नसली तर काय होते ते आपल्या महाराष्ट्रातच पाहा. कर्नल साइक्सने 1839 साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महाशीर माशाला खडशीवरून ‘खुद्री’ हे नाव दिले. हा मासा धोक्यात आलेला पाहून लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या वळवण तलावावर 1970 नंतर त्याचे बीज तयार होऊ लागले. हेतू चांगलाच होता. तेथून बोटुकली दूरदूर गेली, कर्नाटकात कावेरीतही सोडली गेली. पण कावेरीत स्वतःचा एक निराळा, पाठीवर कुबड असलेला महाशीर होता. त्याला शास्त्रात पक्के नावच दिलेले नव्हते आणि त्याचा वंश कोठे नोंदलेला नव्हता. पाहुणा वाढत गेला, घरचा मासा दिसेनासा झाला. अखेर 2018 साली संशोधकांनी डीएनए आणि अंगलट जुळवून तो ‘टॉर रेमादेवी’ असल्याचे सिद्ध केले. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. पराचे चार तुकडे 1970 साली कोणी जपून ठेवले असते तर?

हे सिद्ध झाले ते इतरांनी आपले डीएनएचे वाचन सर्वांना खुल्या अशा जागतिक संग्रहात ठेवले होते म्हणून. त्यामुळे ‘आमची माहिती आम्ही कुलपात ठेवू’ ही भाषा मला पटत नाही. नॉर्वेत लोफोटेनच्या हंगामात 2009 पासून पकडलेल्या कॉडचे नमुने प्रयोगशाळेत जातात आणि एका दिवसात निकाल येतो. किनाऱ्यावरच्या दुबळ्या वंशाचा मासा जास्त सापडू लागला की तेवढ्या पाण्यातली मासेमारी थांबवतात. तिकडे माहिती कपाटात पडून राहत नाही, ती कामाला येते.

पण खुलेपणाच्या नावाखाली लूटही होते, हे आपण विसरू नये. 1988 साली फिलिपीन्समध्ये सार्वजनिक पैशावर तिलापिया सुधारण्याची ‘गिफ्ट’ योजना निघाली. त्यासाठी मूळ मासे इजिप्त, घाना, केनिया, सेनेगल येथून आणले. पुढे 1999 साली करार होऊन त्या वाणाच्या व्यापारी वाढीचे हक्क नॉर्वेच्या जिनोमार कंपनीकडे गेले. मासा आफ्रिकेचा, घाम आशियाचा आणि विक्री कोणाची? संगणकावरील जनुकीय माहितीतून नफा कमावणाऱ्या कंपन्यांनी वाटा द्यावा, म्हणून फेब्रुवारी 2025 मध्ये ‘काली निधी’ सुरू झाला. त्यातला निदान अर्धा भाग आदिवासी व स्थानिक समाजांसाठी आहे. परंतु देणे ऐच्छिक आहे! ऐच्छिक बोनस किती मालक देतात, ते आपल्याला ठाऊक आहे.

आपल्या देशात 2002 चा जैवविविधता कायदा आहे. प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकांची नोंदवही ठेवावी, असे तो सांगतो. 2023 च्या दुरुस्तीने त्यातली तुरुंगवासाची शिक्षा काढून दंड तेवढा ठेवला. फरिदाबादला 2022 पासून भारतीय जैविक माहिती केंद्रही सुरू आहे. म्हणजे कपाटे आहेत. तलावावरच्या माणसाला मात्र त्यांचा पत्ता नाही आणि तेथली भाषा त्याची नाही.

आमचे म्हणणे असे की बीजाच्या प्रत्येक पावतीवर हॅचरीचे नाव, प्रजनक मासे कोठून व कोणत्या वर्षी आणले आणि ते किती होते, हे छापले गेले पाहिजे. संस्थेने तलावातून नमुना नेला तर समितीला लेखी पोच द्यावी आणि निकाल हिंदीत, महाराष्ट्रात मराठीत, परत कळवावा. मूळ माहिती सरकारी संस्थेत राहावी आणि अभ्यासाला खुली असावी, पण मासा कोठे व कोणाकडून मिळाला ही नोंद तिच्यापासून तोडू नये. व्यापारासाठी कोणी ती वापरली तर वाटा ठरवताना मच्छीमार समितीचा माणूस त्या बैठकीत बसलेला हवा.

या आशयाचा ठराव राज्याच्या मत्स्य विभागाकडे पाठवण्यासाठी मसुदा तयार होत आहे. ज्या शाखांच्या परिसरात मच्छीमार समित्या आहेत त्यांनी समितीच्या लोकांना भेटून, शक्य तर बीजाच्या जुन्या पावत्यांच्या नकला जोडून, आपल्या सूचना कार्यालयाकडे पाठवाव्यात.