अंतराळात जमते, ते सीमेवर का जमू नये?

२५ जून २०२५ रोजी ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला अमेरिका, पोलंड व हंगेरी या देशांच्या सहप्रवाशांसह आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाकडे झेपावले. या मोहिमेचे कौतुक पुष्कळ झाले. परंतु तिच्यामागील वैद्यकीय सहकार्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

वजनरहित अवस्थेत हाडे महिन्याला सुमारे एक टक्का झिजतात, स्नायू क्षीण होतात. यावरील उपाय कोणत्याही एका राष्ट्राच्या आवाक्यातले नाहीत. म्हणूनच १९८४ साली सोव्हिएत अंतराळस्थानकात राकेश शर्मा यांनी योगाभ्यासाचे प्रयोग केले. गगनयानाचे अंतराळवीर बेंगळुरूच्या हवाई दलाच्या वैद्यक संस्थेत पारखले गेले व पुढे रशियात तयार झाले. भारतीय वैद्यकांच्या प्रशिक्षणास साहाय्य करण्याचे फ्रान्सने २०२१ मध्ये मान्य केले. युक्रेनच्या युद्धाने अमेरिका व रशिया यांच्यात वितुष्ट आले, तरी अंतराळस्थानकातील आजाऱ्याची शुश्रूषा करताना त्याचे पारपत्र कोणी पाहत नाही.

आता दृष्टी जमिनीकडे वळवू. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद ही बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांतील नावे सीमावादामुळे आपल्या परिचयाची आहेत. लातूर, उदगीर वा सोलापूरचे रुग्णालय येथील अनेक गावांना जवळचे. २०२३ मध्ये महाराष्ट्राने आपली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ८६५ सीमावर्ती गावांना लागू करण्याचे ठरविले, तेव्हा कर्नाटकाने त्यास हरकत घेतली. एकाने देऊ केलेले औषध दुसऱ्यास आगळीक वाटले!

गावे कोणाची, हा प्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. त्याचा निर्णय न्यायालय यथाकाल देईल. परंतु हृदयविकाराचा झटका निकालाची वाट पाहत नाही. या प्रश्नावर कोणाचीही बाजू न घेता आम्ही एवढेच सुचवू इच्छितो की, दोन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांनी एकत्र बसून साधा करार करावा. सीमेवरील रुग्णाने जवळच्या रुग्णालयात जावे आणि खर्चाचा हिशेब सरकारांनी मागाहून आपसांत मिटवावा. या कराराने कोणाच्याही दाव्यास बाध येणार नाही, असे त्यातच नमूद करावे.

पृथ्वीपासून चारशे किलोमीटर उंचीवर परस्परविरोधी राष्ट्रे जो विवेक दाखवितात, तो एकाच संविधानाखाली नांदणाऱ्या दोन राज्यांना अवघड वाटावा काय? सीमा नकाशावर असते. रुग्णाच्या खाटेपाशी तिचे काम नाही.