टाटा करण्याआधी किल्ली काढा!

लोअर परळच्या कुठल्याही चकाचक ऑफिसात सकाळी सव्वानऊला जरा आजूबाजूला बघा. एक्सेल शीटच्या मागे हळूच दुसरी खिडकी उघडलेली असते. लाल-हिरवे आकडे पळत असतात. बॉस आला की ऑल्ट-टॅब! आता रोज रोज आयडी-पासवर्ड टाइप करायला वेळ कुणाला आहे? मग 'रिमेंबर मी'च्या चौकोनात टिक मारायची. एकदम सोप्पं.

वांधे होतात ते नोकरी सोडताना. लॅपटॉप आयटीवाल्यांकडे परत द्यायचा असतो. आपण गोव्याचे फोटो उडवतो, वॉलपेपर बदलतो आणि ट्रेडिंगचं सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करतो. झालं की!

नाही, बॉस. झालेलं नाही.

अनइन्स्टॉल केल्यावर प्रोग्रॅम जातो, पण त्यानं लक्षात ठेवलेलं लॉगिन बऱ्याचदा मागे राहतं. म्हणजे असं समजा, गिरगावातल्या चाळीतली खोली सोडली, कपाट-पलंग टेम्पोत चढवला, पण बँकेच्या लॉकरची किल्ली खुंटीवरच राहिली. खोली आता तुमची नाही. लॉकर मात्र तुमचाच!

दलाल स्ट्रीटवर पूर्वी असली भानगडच नव्हती. बीएसईच्या रिंगमध्ये ओरडून सौदे व्हायचे, आणि समोर कोण उभं आहे ते दिसायचं. मार्च १९९५ मध्ये 'बोल्ट' ही कॉम्प्युटर सिस्टिम आली. २००० मध्ये सेबीनं इंटरनेट ट्रेडिंगला परवानगी दिली आणि बाजार थेट आपल्या टेबलावर आला. चेहऱ्याची जागा पासवर्डनं घेतली. मशीनला चेहरा कळत नाही. पासवर्ड ज्याच्या हातात, त्याला ते मालक समजतं.

'पण आता ओटीपी असतो ना?' बरोबर. ऑनलाइन ट्रेडिंगला दुहेरी ओळख द्यावी लागते, तिची मुदत ३० सप्टेंबर २०२२ ची होती. रोज नव्यानं लॉगिनही करावं लागतं. पण ओटीपी ज्या ईमेलवर येतो, तो ईमेल त्याच लॅपटॉपवर उघडा असेल तर? मग दोन कुलपं आणि दोन्ही किल्ल्या एकाच खुंटीला! डिमॅटमधले शेअर विकायला बऱ्याचदा सीडीएसएलचा टीपिन लागतो, हेही खरं. (हे सीडीएसएल आपल्या शेजारीच, ना. म. जोशी मार्गावर, मफतलाल मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आहे.) पण ट्रेडिंग खात्यात पडून असलेल्या पैशांवर कुणी भलतेच ऑप्शन्स घेतले, तर तिथे टीपिन कुणी विचारत नाही.

आणि पैसे दरवेळी आपलेच असतात का? दादरच्या घरी बाबा रिटायर होतात, त्यांचं डिमॅट आपण उघडून देतो, 'तुम्हाला जमणार नाही, मी बघतो' म्हणतो. बाबांचा पासवर्ड कुठे सेव्ह होतो? आपल्या ऑफिसच्या लॅपटॉपवर. म्हणजे खुंटीवरची किल्ली बाबांच्या आयुष्यभराच्या पुंजीची असते. एकदम सीरियस मामला!

तर मंडळी, साफसफाई या क्रमानं करा.

सुरुवात सॉफ्टवेअरपासून. ते उडवण्याआधी त्याच्या सेटिंग्जमध्ये जा, सेव्ह केलेली खाती शोधा आणि एकेक काढून टाका. मग लॉगआउट करा. नुसती खिडकी बंद करणं म्हणजे लॉगआउट नव्हे.

मग ब्राउझर. इथे एक गोची आहे. क्रोममध्ये तुमचं पर्सनल गुगल अकाउंट जोडलेलं असेल आणि तिथला पासवर्ड डिलीट केलात, तर तो तुमच्या फोनवरूनही गायब होतो. त्यापेक्षा ऑफिसच्या लॅपटॉपवरचं ते प्रोफाइलच काढून टाका.

विंडोजचीही एक तिजोरी असते. कंट्रोल पॅनलमध्ये 'क्रेडेन्शियल मॅनेजर' उघडा. तिथे ब्रोकरचं किंवा तुमच्या सॉफ्टवेअरचं नाव दिसलं तर 'रिमूव्ह' करा. बाकीच्या नोंदींना हात लावू नका, त्या कंपनीच्या असू शकतात. अख्खा लॅपटॉप फॉरमॅट करण्याची हिरोगिरी तर मुळीच नको.

अल्गोवाल्या हुशार मंडळींसाठी खास सूचना. एपीआय की आणि तिचा सिक्रेट कोड तुम्ही एखाद्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवलेला असतो. ती फाइल उडवाच, पण ब्रोकरच्या साइटवर जाऊन जुनी की रद्दही करा. सेबीनं ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकात एपीआयसाठी ठरावीक आयपी पत्त्याची अट घातली, ती उगाच नाही.

शेवटचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो स्वतःच्या फोनवरूनच करायचा. ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये 'सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट' असा पर्याय असेल तर तो दाबा. मग पासवर्ड बदला. कारण आतापर्यंत आपण फक्त खुंटीवरची किल्ली काढली. मधल्या काळात कुणी डुप्लिकेट करून घेतली असेल तर? कुलूपच बदललं की ती डुप्लिकेट बाद!

लॅपटॉप देऊन झालाय आणि हे आत्ता वाचताय? तरी पॅनिक नको. हा शेवटचा टप्पा आत्ताही करता येतो. खात्यात काही विचित्र दिसलंच, तर १ जुलै २०२४ पासून ट्रेडिंग खातं तात्पुरतं गोठवण्याची सोय आहे. ब्रोकरला कळवा, बाजार चालू असताना कळवलंत तर त्यानं पंधरा मिनिटांत खातं बंद करायचं असतं. पैसे गेलेच असतील तर १९३० ही सायबर हेल्पलाइन लगेच फिरवा.

सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम. लास्ट डेच्या संध्याकाळी केक, भाषणं, ग्रुप फोटो यांच्या गडबडीत ते होणार नाही. म्हणून राजीनामा मंजूर झाला की त्याच रात्री करून टाका. आणि बाबांचं खातं? त्याची साफसफाई बाबांना शेजारी बसवून करा. पुढच्या वेळी त्यांना तुमची गरज लागणार नाही, आणि ते जास्त बरं!