जुनी वही, नवे विंडोज

दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी नवी वही घालीत. जुनी मात्र कोणी बंबात टाकीत नसे. हिशेबाच्या संगणकालाही तोच रिवाज लावावा. विंडोज १० ची नित्याची डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, तेव्हा बदल करावाच लागणार. त्यातून विंडोज ११ ला टीपीएम २.० हवे, म्हणून कित्येक जुनी यंत्रे दाराशीच अडतात. पण वाचकहो, आपले टॅली नव्या घरी नांदेल काय, हे आधी त्याच्या कर्त्यांना विचारा. मार्चअखेरीस किंवा विवरणपत्राच्या ऐन तारखेला यंत्रास हातही लावू नये. खतावणीची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी आणि (हेच बहुतेक गृहस्थ विसरतात!) दुसऱ्या यंत्रावर ती उघडून पाहावी. शिल्लक पैशापर्यंत जुळली, की खुशाल बदला. प्रिंटर रुसून बसेल, ते निराळे.